येनिसेईकाठचे रडार: सगळ्यांना दिसलेला आणि सहा वर्षे न मिटलेला करारभंग

जुलै १९८३ मध्ये अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांनी मध्य सायबेरियातले एक बांधकाम टिपले. जागा क्रास्नोयार्स्क शहराच्या उत्तरेला, येनिसेई नदीच्या खोऱ्यात, अबालाकोवो या खेड्याजवळ. तिथे दोन अवाढव्य इमारती उभ्या राहत होत्या. रडारच्या लाटा सोडणाऱ्या प्रक्षेपकाची इमारत साधारण अकरा मजल्यांची, परत आलेल्या लाटा टिपणाऱ्या ग्राहकाची जवळजवळ तीस मजल्यांची. दोन्हींची एकेक भिंत उतरत्या छपरासारखी तिरपी होती आणि ती ईशान्येकडे तोंड करून होती. छायाचित्रे वाचणाऱ्यांना हा आराखडा अनोळखी नव्हता. उत्तरेकडे पेचोरा येथे अगदी असेच रडार सोव्हिएत संघाने उभारलेले होते, आणि ते क्षेपणास्त्र हल्ल्याची पूर्वसूचना देण्यासाठी आहे हे जगजाहीर होते.

पेचोराच्या रडारबद्दल कुणाची तक्रार नव्हती. या नव्या रडारने १९७२ चा अमेरिका-सोव्हिएत क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांचा करार मोडला, या आरोपावरून मात्र पुढे सहा वर्षे जिनिव्हा, वॉशिंग्टन आणि मॉस्कोत खल चालला. दोन्ही यंत्रे जवळपास जुळी. फरक एवढाच, की एक कुठे उभे आहे आणि दुसरे कुठे.

शस्त्रनियंत्रणाच्या इतिहासात करारभंगाचे आरोप पुष्कळ झाले, पण त्यांतले बहुतेक धूसर. चाचणी नेमकी कसली होती, स्फोट किती मोठा होता, अमुक क्षेपणास्त्र नवे की जुन्याचीच सुधारित आवृत्ती, असे वाद. क्रास्नोयार्स्कचे तसे नाही. इथे मजकूर स्पष्ट, पुरावा तीस मजली, आणि शेवटी आरोपीने स्वतः दिलेली कबुली. इतके स्वच्छ प्रकरणसुद्धा करार स्वतःच्या बळावर का सोडवू शकला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

रडारच का?

२६ मे १९७२ रोजी मॉस्कोत निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या करारावर सह्या केल्या. त्याच्या मुळाशी असलेला विचार आजही अनेकांना विचित्र वाटतो: दोन्ही देशांनी एकमेकांच्या अण्वस्त्रांपुढे उघडे राहायचे. एकाने ढाल उभी केली की दुसरा ती भेदण्यासाठी आणखी बाण बनवणार, आणि संकटाच्या क्षणी ढालवाल्याला पहिला वार करण्याचा मोह होणार. म्हणून ढालीवरच बंदी. पहिल्या कलमातच संपूर्ण देशाचे रक्षण करणारी यंत्रणा उभारायची नाही असे म्हटले आहे. प्रत्येकी दोन ठिकाणांची सवलत होती, ती १९७४ च्या पुरवणी करारात एकावर आली. त्या एका ठिकाणी जास्तीत जास्त १०० रोधक क्षेपणास्त्रे, म्हणजे येणारी अस्त्रे वाटेतच पाडणारी. सोव्हिएत संघाने मॉस्को निवडले. अमेरिकेने नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स निवडले आणि यंत्रणा सुरू झाल्यावर काही महिन्यांतच ती बंदही केली.

पण मसुदा लिहिणाऱ्यांची खरी हुशारी सहाव्या कलमात दिसते. रोधक क्षेपणास्त्रे कारखान्यात गुपचूप बनवता येतात, गोदामात लपवता येतात आणि वेळ आली की थोडक्या काळात मांडता येतात. भलेमोठे रडार तसे नसते. ते बांधायला वर्षानुवर्षे लागतात आणि ते आकाशातून दिसतेच. देशव्यापी ढालीची तयारी कुणी चोरून सुरू केलीच, तर तिचे पहिले चिन्ह रडारच्या रूपाने दिसेल. तेव्हा रडारला वेसण घाला, बाकीचे आपोआप आवरेल, असा तो हिशेब.

मग पूर्वसूचना रडारचे काय? ती तर दोघांनाही हवीच होती, कारण हल्ला येतोय की नाही हे कळत नसेल तर भीतीपोटी चूक होण्याचा धोका वाढतो. यावर काढलेला तोडगा असा: यापुढे पूर्वसूचना रडार उभारायचे असेल तर ते देशाच्या सीमेलगत असावे आणि त्याचे तोंड बाहेरच्या बाजूला असावे. सीमेवर बाहेर पाहणारे रडार येणारे संकट लवकर दाखवते, पण अस्त्रे एकदा डोक्यावरून पुढे गेली की त्याला काही दिसत नाही. शिवाय सीमेवरच असल्यामुळे लढाईत ते पहिल्या फटक्यात पडू शकते. देशाच्या पोटात बसवलेले रडार मात्र आपल्याच भूमीवरून येणारी अस्त्रे शेवटपर्यंत पाहू शकते, म्हणजे रोधकांना वाट दाखवण्याच्या कामी येऊ शकते. यंत्र तेच, जागा बदलली की त्याची कुवत बदलते. करारांच्या भाषेत इतका नेमका, डोळ्यांनी तपासता येणारा नियम क्वचितच सापडतो.

अबालाकोवोचे रडार या नियमात कुठेच बसत नव्हते. सर्वांत जवळची सीमा मंगोलियाची, तीही सुमारे ७५० किलोमीटर दूर आणि रडारच्या पाठीमागे. तोंडासमोर होती ती सोव्हिएत संघाचीच सुमारे ४,००० किलोमीटर भूमी.

गोठलेली जमीन आणि पैसे

इतक्या उघड जागी इतका उघड नियमभंग कुणी का करावा? त्या काळी वॉशिंग्टनमधील कडव्या मंडळींचे उत्तर तयार होते: सोव्हिएत संघ देशव्यापी ढालीचा पाया घालतो आहे. नंतर बाहेर आलेल्या सोव्हिएत आठवणी आणि कागदपत्रांमधून जे चित्र उभे राहते ते बरेच रुक्ष आहे.

सोव्हिएत पूर्वसूचना जाळ्याला ईशान्येकडे भगदाड होते. उत्तर प्रशांत महासागरातून अमेरिकी पाणबुड्यांनी क्षेपणास्त्रे सोडली तर त्या बाजूने पाहणारे रडार नव्हते. करार पाळायचा तर दूर उत्तरेला, नोरिल्स्क आणि याकुत्स्कच्या बाजूला, दोन स्वतंत्र केंद्रे उभारावी लागली असती. तिथे जमीन कायम गोठलेली, वीज आणि रस्ते नाहीत, पाया धरणे कठीण, खर्च डोळे फिरवणारा. त्याऐवजी दक्षिणेला, रेल्वे आणि नदी हाताशी असलेल्या येनिसेई खोऱ्यात एकच केंद्र उभारले तर भगदाड बुजत होते. हे कराराविरुद्ध आहे हे निर्णय घेणाऱ्यांना माहीत होते. तरीही काटकसर जिंकली.

कट सापडला तर त्याचे काय करायचे हे राजकारण्यांना कळते. पण कराराचे कलम एका तराजूत आणि बांधकामाचे अंदाजपत्रक दुसऱ्या तराजूत घालून केलेल्या गैरकृत्याचे काय करायचे, हे कुठल्याच मसुद्यात लिहिलेले नसते. सोव्हिएत व्यवस्थेत तर वाटाघाटी करणारे परराष्ट्र खाते आणि बांधकाम करणारे लष्कर यांच्यात एवढी उंच भिंत होती, की जिनिव्हात बसलेल्या राजदूताला आपल्याच देशाच्या शस्त्रांची माहिती समोरच्या अमेरिकनांकडून कळावी, हा त्या काळचा नेहमीचा अनुभव.

ताकाला जाऊन भांडे

हरकत घेतल्यावर मॉस्कोने सांगितले, की हे पूर्वसूचना रडार नाहीच, ते अवकाशातील वस्तूंचा माग ठेवण्यासाठी आहे. ही सबब वरवर पाहता हास्यास्पद वाटते, पण ती हवेतून आलेली नव्हती. करारासोबतच्या संमत निवेदनांत ठरावीक शक्तीपेक्षा मोठ्या रडारवर मर्यादा घालताना एक अपवाद ठेवला होता: अवकाशातील वस्तूंचा माग घेण्यासाठी किंवा करारपालनाच्या पडताळणीसाठी असलेली रडारे चालतील. ही फट दोन्ही बाजूंनी जाणूनबुजून ठेवली होती, कारण दोघांनाही अशी रडारे हवी होती.

गोम अशी, की उपग्रहाचा माग घेणारे आणि येणाऱ्या अस्त्राचा माग घेणारे रडार भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एकच काम करतात. लाटा सोडायच्या, परत आलेल्या मोजायच्या. ‘कशासाठी’ हा प्रश्न यंत्राच्या पोटात सापडत नाही. अमेरिकेने मग भोवतालच्या गोष्टींवर बोट ठेवले. पेचोराचा आराखडा हुबेहूब इथे का? तोंड नेमके भगदाडाकडेच का? उपग्रहांचाच माग घ्यायचा तर ही दिशा आणि हा कोन इतका गैरसोयीचा का? कायद्याच्या भाषेत हा सगळा परिस्थितीजन्य पुरावा. तो भक्कम होता, पण ‘आमचा हेतू वेगळा आहे’ हे एक वाक्य उच्चारत राहणाऱ्याला गप्प करण्याची सोय त्यात नव्हती. ताकाला जाऊन भांडे लपवावे तसे हे चालले होते, फक्त भांडे तीस मजली होते.

तक्रार मांडायची जागा करारातच होती. तेराव्या कलमाने स्थायी सल्लागार आयोग नेमला होता. तो जिनिव्हात बंद दाराआड बसायचा. १९७० च्या दशकात त्याने बरी कामगिरी केली. सोव्हिएत संघाच्या एका विमानविरोधी यंत्रणेचे रडार संशयास्पद रीतीने तपासले जात असल्याची तक्रार अमेरिकेने केली आणि थोड्याच काळात ते प्रकार थांबले. अमेरिकेने आपल्या क्षेपणास्त्र विवरांवर घातलेल्या आच्छादनांबद्दल सोव्हिएत संघाने हरकत घेतली, तेव्हा अमेरिकेनेही त्यात बदल केले. कुणाची नाचक्की झाली नाही. मात्र या तक्रारी अशा होत्या, की गुपचूप थांबवले तर पुरत होते. तीस मजली इमारत गुपचूप थांबवता येत नाही. ती पाडावी लागते, आणि पाडणे म्हणजेच कबुली.

त्यात काळही वाईट. २३ मार्च १९८३ रोजी रेगन यांनी अवकाशातून क्षेपणास्त्रे अडवण्याच्या स्वप्नाची घोषणा केली होती. रडार सापडले ते त्यानंतर चारच महिन्यांनी. जानेवारी १९८४ मध्ये रेगन सरकारने काँग्रेसला दिलेल्या अहवालात हा ‘जवळजवळ निश्चित’ करारभंग असल्याचे म्हटले, आणि फेब्रुवारी १९८५ च्या अहवालात ‘जवळजवळ’ गळून पडले. प्रकरण बंद दारातून चव्हाट्यावर आले. त्यानंतर मॉस्कोला मागे फिरणे अधिकच कठीण झाले.

आरोप करणाऱ्याचे हातही पुरते स्वच्छ नव्हते. ऑक्टोबर १९८५ मध्ये रेगन प्रशासनाने कराराचा ‘व्यापक’ अर्थ मांडला. पाचव्या कलमात अवकाशातील, समुद्रावरील आणि हलत्या यंत्रणांचा विकास आणि चाचणी निषिद्ध होती. परराष्ट्र खात्याचे विधी सल्लागार अब्राहम सोफेर यांचे म्हणणे पडले, की नव्या भौतिक तत्त्वांवर, म्हणजे लेसर वगैरेंवर, चालणाऱ्या यंत्रणांना हे लागू नाही. करार मंजूर करताना सेनेटला सांगितलेला अर्थ हा नव्हता. सेनेटच्या लष्करी सेवा समितीचे अध्यक्ष सॅम नन यांनी मार्च १९८७ मध्ये जुने दप्तर उघडून हा अर्थ खोडून काढला. म्हणजे एक पक्ष काँक्रीट ओतून कराराबाहेर गेला होता आणि दुसरा शब्दकोश घेऊन जाऊ पाहत होता. माझ्या मते दुसरा प्रकार जास्त घातक, कारण काँक्रीटचे छायाचित्र काढता येते.

सोव्हिएत संघानेही प्रतिआरोप शोधले. ग्रीनलंडमधील थुले आणि ब्रिटनमधील फायलिंगडेल्स येथील जुनी अमेरिकी रडारे काढून नवी, अधिक शक्तिशाली बसवण्याचे काम चालू होते. ही ठिकाणे अमेरिकेच्या सीमेलगत कशी, असा त्यांचा सवाल. अमेरिकेचे उत्तर होते, की जुन्या रडारांना करारात मुभा आहे आणि हे केवळ नूतनीकरण आहे. मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण १९८५ च्या शरदात मॉस्कोने ‘तुम्ही ती दोन थांबवा, आम्ही हे थांबवतो’ असा सौदा पुढे केला, तेव्हा त्या सौद्यातच अर्धी कबुली दडली होती. अवकाशातील वस्तू मोजणारे निरुपद्रवी केंद्र कुणी असे तराजूत घालत नाही.

दारे उघडतात

५ सप्टेंबर १९८७ रोजी एक अनपेक्षित गोष्ट घडली. डाउनी, कार आणि मूडी या अमेरिकी काँग्रेसच्या तीन सदस्यांना सहाय्यक आणि पत्रकारासह थेट बांधकामात फिरू दिले गेले. त्यांनी मनसोक्त छायाचित्रे काढली. दिसले ते असे: काम अर्धवट आणि ओबडधोबड, अणुस्फोटाचा धक्का सोसेल अशी मजबुती नाही, आतली यंत्रसामग्री बसायला अजून वर्षे लागणार. लढाईच्या धुमश्चक्रीत रोधकांना दिशा देणारे हे केंद्र वाटत नाही, असा त्यांचा कल झाला आणि रडार सुरूच झालेले नसल्याने अजून करारभंग झालेला नाही, असेही ते म्हणाले. यातला पहिला भाग पटण्यासारखा आहे. दुसरा मात्र फारच उदार. सहाव्या कलमाचा सारा जोरच मुळी जागेवर आणि दिशेवर होता, आणि त्या दोन्ही गोष्टी पाया खणला तेव्हाच ठरल्या होत्या.

त्याच शरदात मॉस्कोने बांधकाम वर्षभरासाठी थांबवल्याचे जाहीर केले. ऑगस्ट १९८८ मध्ये जिनिव्हात कराराचा पंचवार्षिक आढावा झाला, तो संयुक्त निवेदनाविनाच संपला. रडार पाडले नाही तर हा ‘गंभीर भंग’ मानावा लागेल, असे अमेरिकेने बजावले. आंतरराष्ट्रीय कायद्यात या शब्दाला वजन आहे: तो उच्चारला की दुसऱ्या पक्षाला करार अंशतः किंवा पूर्णतः स्थगित करता येतो. पण इथेच अमेरिकेची पंचाईत होती. शिक्षा म्हणून हातात होते ते एकच शस्त्र, करार सोडण्याचे. तो सोडला तर सोव्हिएत संघाला एका बेकायदा रडारऐवजी हवी तेवढी कायदेशीर रडारे बांधायची मोकळीक मिळाली असती. रेगन पायउतार झाले तरी ती घोषणा काही झाली नाही.

सप्टेंबर १९८८ मध्ये गोर्बाचेव्ह स्वतः क्रास्नोयार्स्कला गेले आणि हे केंद्र अवकाश सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय कामाला देऊन टाकू, असे म्हणाले. मानाने बाहेर पडण्याची ती वाट होती. वॉशिंग्टनने ती धरली नाही. लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवरचा नवा सामरिक करार हवा असेल तर आधी हे पाडा, या अटीवर ते अडून राहिले. अखेर सप्टेंबर १९८९ मध्ये वायोमिंगमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या भेटीत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री शेवर्दनाझे यांनी बिनशर्त पाडण्याचे मान्य केले. २३ ऑक्टोबरला सर्वोच्च सोव्हिएतपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे, बोलताना त्यांनी हे मिसरच्या पिरॅमिडएवढे बांधकाम म्हणजे उघड करारभंग असल्याची कबुली दिली, आणि नेतृत्वाला यातले सत्य कळायलाही वेळ लागला, असे सांगितले. त्या वेळी त्यांना परराष्ट्र खाते सांभाळून चार वर्षे झाली होती.

हिशेब मांडायचा तर

पडताळणी चालली, हे आधी मान्य करायला हवे. बाराव्या कलमाने एकमेकांच्या उपग्रहांच्या आड यायचे नाही असे ठरले होते आणि ते पाळले गेले. म्हणूनच रडार कार्यान्वित होण्याच्या कितीतरी आधी सापडले. मसुदाही चालला. नियम इतका नेमका होता, की शेवटपर्यंत वाद ‘हे सीमेपासून किती दूर’ यावर झाला नाही, तो ‘हे नक्की काय आहे’ यावर झाला. ज्या धोक्यासाठी सहावे कलम लिहिले, तो देशव्यापी ढालीचा धोकाही प्रत्यक्षात उद्भवला नाही.

अडले ते त्यापुढे. भंग सिद्ध झाल्यावर काय, याचे उत्तर करारात नव्हते, आणि दोन सार्वभौम महासत्तांच्या करारात ते असूही शकले नसते. वर बसलेला न्यायाधीश नाही, दंड वसूल करणारा अंमलदार नाही. रडार पडले ते मॉस्कोतील सत्ता बदलल्यामुळे. अर्थव्यवस्था ढासळत असताना गोर्बाचेव्हना नवा करार जुन्या इमारतीपेक्षा महत्त्वाचा वाटला. करारवादी लोक याला कराराचा विजय म्हणतात, करारविरोधक सहा वर्षांच्या टाळाटाळीचा पुरावा म्हणतात. मला वाटते कराराने एकच काम केले, पण ते मोलाचे: त्याने रडारला नाव दिले. सहावे कलम नसते तर अबालाकोवोत होते ते फक्त एक मोठे बांधकाम, त्यावरून कुणी कुणाला काही विचारू शकले नसते.

दुसरी बाजू अशी, की या भंगाने करार मेला नाही. तो मेला नियमानुसार. पंधराव्या कलमात सहा महिन्यांची पूर्वसूचना देऊन बाहेर पडण्याची मुभा होती. १३ डिसेंबर २००१ रोजी बुश प्रशासनाने ती सूचना दिली आणि १३ जून २००२ रोजी करार संपला. कारणात मॉस्कोच्या कुठल्याही फसवणुकीचा उल्लेख नव्हता. कारण होते इतर देशांकडे पसरत चाललेली क्षेपणास्त्रे, विशेषतः उत्तर कोरियाची, जिने १९९८ मध्ये जपानवरून रॉकेट उडवून दाखवले होते. दोन देशांचा करार तिसऱ्या देशाच्या प्रक्षेपणाने मोडला. करार संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी रशियाने लांब पल्ल्याची अण्वस्त्रे घटवणाऱ्या दुसऱ्या स्टार्ट कराराला आपण बांधील नसल्याचे जाहीर केले.

यात एक मजेशीर आकडा आहे. अमेरिकेने त्यानंतर अलास्कातील फोर्ट ग्रीली आणि कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग येथे मिळून ४४ रोधक मांडले. करारात परवानगी होती १०० ची. म्हणजे संख्येची अडचण कधीच नव्हती. अडचण होती जागांची, आणि त्याहून मोठी पहिल्या कलमाची, संपूर्ण देशाचे रक्षण करायचे नाही या वाक्याची. मुख्यतः ते एक वाक्य नको होते म्हणून तीस वर्षांचा करार गेला.

करार गेल्यावर सीमेचा आणि दिशेचा नियमही गेला. डिसेंबर २०१७ मध्ये रशियाने व्होरोनेझ जातीची तीन नवी पूर्वसूचना रडारे एकदम सेवेत घेतली. त्यांतले एक ओरेनबर्ग भागात, एक अल्ताईत, आणि तिसरे क्रास्नोयार्स्क प्रांतात, येनिसेइस्कजवळ, म्हणजे जुन्या रडारच्याच परिसरात. या वेळी जिनिव्हात कुणी हरकत घेतली नाही. घ्यायला कलमच उरले नव्हते.